घोगऱ्या गळ्याची साठ वर्षं



आपल्याकडच्या कुठल्याही गाण्याच्या स्पर्धेत परीक्षकांचा पहिला शेरा गळ्यावर असतो. 'गळा गोड आहे', 'आवाज मोकळा आहे', किंवा 'आवाजात खर आहे, मेहनत हवी'. घरात कुणी घोगऱ्या आवाजात गुणगुणायला लागलं की आजी विचारते, 'घसा बसलाय का रे?' आणि उत्तराची वाट न बघता ज्येष्ठमधाचा तुकडा हातावर ठेवते. घोगरा आवाज म्हणजे दुखणं आणि ते लवकर बरं झालेलं चांगलं, असा आपला साधा हिशोब.

या वेळी ज्याच्याबद्दल लिहितोय त्याचा घसा साठ वर्षांपासून बसलेलाच आहे आणि त्याच घशावर त्याने 'सर' ही पदवी मिळवली. हा ब्रिटिश रॉक गायक म्हणजे रॉड स्टुअर्ट. २९ जून २०२५ रोजी इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी महोत्सवात तो रविवारच्या दुपारी मुख्य मंचावर उभा राहिला तेव्हा ऐंशी वर्षांचा होता. त्या महिन्यात फ्लू झाल्यामुळे त्याला अमेरिकेतले काही कार्यक्रम रद्द करावे लागले होते. तरी तो आला, नाचला आणि गायला. जुना दोस्त रॉनी वुड येऊन गिटार वाजवून गेला.

आई-बाबांच्या पिढीतल्या कुणाकडे त्याची एखादी कॅसेट असेलही. तुमच्या-माझ्या पिढीने त्याचं एखाददुसरं गाणं कुठल्या तरी हॉटेलात किंवा सिनेमात ऐकलेलं असतं, पण नाव माहीत नसतं. म्हणून ही ओळख. मात्र नुसती ओळख करून द्यायची नाहीये. या माणसाबद्दल पाश्चात्त्य समीक्षकांमध्ये एक जुना वाद आहे. एवढा वेगळा आवाज मिळूनही याने तो वाया घालवला, असं काही जणांचं म्हणणं. दुसरे म्हणतात, वाया घालवला असता तर ऐंशीव्या वर्षी तो उरला कसा? मला हा वाद महत्त्वाचा वाटतो, कारण हातात असलेल्या कसबाचं पुढची चाळीस वर्षं काय करायचं, हा प्रश्न आपल्यापैकी कुणालाच चुकलेला नाही.

फलाटावरचा माउथ ऑर्गन

रॉडचा जन्म १० जानेवारी १९४५ चा, लंडनच्या हायगेट भागातला. वडील स्कॉटिश, बांधकामाच्या व्यवसायातले. पाच भावंडांत हा शेंडेफळ, आणि इंग्लंडमध्ये जन्मलेला एकटाच. थोरल्या चौघांचा जन्म स्कॉटलंडचा. त्यामुळे घरात स्कॉटलंडचा अभिमान आणि फुटबॉलचं वेड. अमेरिकन गायक अल जोल्सन घरातल्या सगळ्यांचा लाडका. पोराने फुटबॉलपटू व्हावं ही वडिलांची इच्छा होती. त्याने ब्रेंटफर्ड क्लबात चाचणीही दिली, पण तिकडून बोलावणं आलं नाही.

मग छोटीमोठी कामं आणि गिटार घेऊन भटकणं. जानेवारी १९६४ मधल्या एका रात्री लंडनजवळच्या ट्विकनहॅम स्टेशनवर हा मुलगा गाडीची वाट बघत माउथ ऑर्गन वाजवत बसला होता. तिथल्या जवळच्याच बेटावरच्या क्लबात कार्यक्रम करून परतणारा लाँग जॉन बाल्ड्री त्याच फलाटावर होता. साडेसहा फुटांच्या वर उंची असलेला हा बाल्ड्री तेव्हाच्या ब्रिटिश ब्लूज मंडळींमधला मोठा माणूस. त्याने ते वाजवणं ऐकलं, चौकशी केली आणि मुलाला आपल्या बँडमध्ये घेतलं. एकोणीस वर्षांच्या रॉडला नोकरी मिळाली ती अशी, रेल्वेच्या फलाटावर. रेल्वेची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

यानंतर लगेच यश आलं असं मात्र नाही. १९६४ साली निघालेली त्याची पहिली स्वतंत्र रेकॉर्ड कुणाच्या लक्षातही आली नाही. एकामागून एक बँड झाले. १९६७ मध्ये तो गिटारवादक जेफ बेक याच्या बँडचा गायक झाला. पुढच्या वर्षी हा बँड न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट थिएटरात पहिल्यांदा उभा राहिला, तेव्हा रॉड इतका घाबरला की सुरुवातीचं गाणं त्याने स्पीकरच्या मोठ्या पेट्यांमागे लपून म्हटलं. लोकांना आवाज ऐकू येतोय, गायक दिसत नाही! ज्याच्या स्टेजवरच्या मिरवण्याची पुढे पन्नास वर्षं चर्चा झाली, त्याची अमेरिकेतली सुरुवात ही.

खर म्हणजे नक्की काय?

आता थोडं आमच्या धंद्यातलं. आवाज रेकॉर्ड करून संगणकावर त्याची लहर बघितली, तर स्वच्छ सुरात एकच आकार पुन्हा पुन्हा, अगदी नियमाने येताना दिसतो. स्वरयंत्रातले दोन स्वरतंतू एकमेकांवर ठरावीक वेगाने आपटतात, त्यातून ही लहर तयार होते. पुरुषाच्या साध्या बोलण्यात हे सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा घडतं. घोगऱ्या आवाजात ही शिस्त मोडते. स्वरतंतू पूर्ण मिटत नाहीत, मधून हवा निसटते, कधी आजूबाजूचा भागही थरथरायला लागतो. लहरीत सुराबरोबर खरखर मिसळते. ही खरखर गाळून टाकण्यासाठी आम्ही इंजिनिअर लोक रात्री जागवतो.

पण कानाला त्या खरखरीतून बरंच काही कळतं. रडून झाल्यावर, ओरडून झाल्यावर, रात्रभर जागल्यावर माणसाचा आवाज असाच होतो. म्हणून अशा आवाजातलं साधं वाक्यही 'या माणसावर काहीतरी बेतलंय' असं सांगून जातं. रॉड तरुणपणी अमेरिकन गायक सॅम कुकचा भक्त होता. कुकचा आवाज रेशमी. रॉडकडे ते रेशीम नव्हतं. त्याने कुककडून शब्द कसा सोडायचा, कुठे रेंगाळायचं, ओळीच्या शेवटी आवाज कसा मोडायचा हे घेतलं आणि ते आपल्या खरखरीत गळ्यावर चढवलं. नुसता घोगरा आवाज पुष्कळांकडे असतो. याच्या घोगऱ्या आवाजाला गाण्याची रीत रेशमी आवाजवाल्याची होती, आणि तिथेच तो वेगळा पडला.

दुसरी युक्ति साथीची. १९६९ मध्ये त्याने दोन संसार एकदम मांडले. एकीकडे 'फेसेस' नावाचा धमाल बँड, रॉनी वुड त्यातला गिटारवादक. दुसरीकडे मर्क्युरी कंपनीशी करार करून स्वतःच्या नावाचे अल्बम. बँड वेगळ्या कंपनीकडे, हा वेगळ्या कंपनीकडे! फेसेसच्या गाण्यांत विजेच्या गिटारचा गोंगाट असे. स्वतःच्या अल्बममध्ये मात्र त्याने लाकडी गिटार, मँडोलिन, व्हायोलिन अशी वाद्यं पुढे आणली. पितळेचं भांडं लाल कापडावर ठेवलं की उठून दिसतं, तसा त्या स्वच्छ वाद्यांवर तो खडबडीत आवाज उठून दिसला.

मॅगी मे

या पद्धतीचं सगळ्यात मोठं फळ १९७१ साली मिळालं. 'एव्हरी पिक्चर टेल्स अ स्टोरी' हा त्याचा तिसरा स्वतंत्र अल्बम आणि त्यातलं 'मॅगी मे' हे गाणं. एक शाळकरी वयाचा मुलगा वयाने मोठ्या बाईच्या प्रेमात अडकलाय. राग आहे, ओढ आहे, आणि आता घरी परतून शाळेत जावं की काय हा विचारही आहे. गाण्याला ध्रुवपद असं नाहीच, नुसती एकामागून एक कडवी. सहलेखक गिटारवादक मार्टिन क्विटेंटन. ड्रमर मिकी वॉलर रेकॉर्डिंगला झांजा न घेताच आला होता, त्या नंतर वाजवून जोडल्या. शेवटचं सुंदर मँडोलिन लिंडिसफार्न या बँडच्या रे जॅक्सनने वाजवलं. अल्बमच्या वेष्टनावर रॉडने त्याचं श्रेय असं दिलं की, मँडोलिन लिंडिसफार्नच्या मँडोलिनवाल्याने वाजवलंय, नाव आत्ता आठवत नाही! बिचाऱ्या जॅक्सनला ते किती लागलं असेल याची कल्पना करा.

कंपनीलाही या गाण्याची फारशी आशा नव्हती. रेकॉर्डच्या पहिल्या बाजूवर टिम हार्डिनचं 'रीझन टू बिलीव्ह' आणि 'मॅगी मे' मागच्या बाजूवर. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटून मागची बाजू लावायला सुरुवात केली. ऑक्टोबर १९७१ मध्ये हे गाणं आणि हा अल्बम, दोन्ही ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत एकाच वेळी पहिल्या क्रमांकावर होते.

इथून फेसेसचं गणित बिघडलं. पाच मित्रांच्या बँडमधला एक जण बाकीच्यांपेक्षा खूप मोठा झाला की काय होतं, ते सांगायला नको. आयोजक जाहिरातीत रॉडचं नाव वेगळं आणि आधी छापायला लागले. १९७५ च्या अखेरीस फेसेस संपले. रॉनी वुड रोलिंग स्टोन्समध्ये गेला आणि रॉड पूर्णवेळ एकटा झाला.

अटलांटिक ओलांडल्यावर

त्याच वर्षी तो अमेरिकेत राहायला गेला. ब्रिटनमधला प्राप्तिकराचा वरचा दर तेव्हा ८३ टक्के होता, हे त्यामागचं एक मोठं कारण. नव्या अल्बमचं नावही 'अटलांटिक क्रॉसिंग'. त्यातलं 'सेलिंग' हे गॅव्हिन सदरलँडने लिहिलेलं गाणं ब्रिटनमध्ये चार आठवडे पहिलं राहिलं. पुढच्या वर्षी बीबीसीने 'आर्क रॉयल' या युद्धनौकेवरच्या खलाशांवर मालिका केली, तिचं शीर्षकगीत म्हणून ते पुन्हा वर चढलं. समुद्र ओलांडून आपल्या माणसांकडे निघालेल्याचं हे गाणं ब्रिटिशांच्या जिभेवर बसलंय. ग्लास्टनबरीच्या मैदानातही ऐंशी वर्षांच्या रॉडबरोबर हजारो लोक ते म्हणत होते.

१९७६ मध्ये त्याने 'द किलिंग ऑफ जॉर्जी' लिहिलं. समलिंगी असल्यामुळे घराबाहेर पडावं लागलेला आणि न्यूयॉर्कच्या रस्त्यावर मारला गेलेला एक मित्र, ही त्याची कथा. त्याच्या ओळखीतल्या माणसाच्या खऱ्या मृत्यूवरून ती सुचली. लोकप्रिय गायकाने या विषयाला हात घालणं तेव्हा सोपं नव्हतं. ब्रिटनमध्ये गाणं दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचलं. रॉड स्टुअर्टला काही म्हणायचंच नसतं असं कुणी म्हटलं, तर हे गाणं त्याला ऐकवावं.

पण काळ बदलत होता. १९७७ साली राणीच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवी आठवड्यात ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर सेक्स पिस्तल्सचं राणीची टर उडवणारं गाणं होतं आणि पहिल्या क्रमांकावर रॉडची दोन हळवी प्रेमगीतं असलेली तबकडी. पाच-सहा वर्षांपूर्वी गल्लीतल्या पोरांचा वाटणारा हा गायक आता पंकवाल्या नव्या पोरांसाठी सोन्याच्या साखळ्या घालणारा प्रस्थापित झाला होता.

१९७८ च्या अखेरीस आलं 'डा या थिंक आय'म सेक्सी?'. डिस्कोच्या तालावरचं हे गाणं जगभर वाजलं आणि जुन्या चाहत्यांनी कपाळावर हात मारला. या गाण्याला आपल्याकडचा एक धागा आहे. ब्राझीलचा गायक जोर्जे बेन याचं 'ताज महाल' नावाचं गाणं आहे, शहाजहान आणि मुमताजच्या प्रेमावरचं. रॉडच्या गाण्याची मुख्य चाल त्याच्या चालीशी जुळत होती. जोर्जे बेनने दावा केला, प्रकरण आपसात मिटलं. ब्राझीलच्या कार्निव्हलच्या दिवसांत ऐकलेली चाल नकळत डोक्यात राहून गेली असावी, असं रॉडने पुढे आत्मचरित्रात कबूल केलं. या गाण्याची रॉयल्टी त्याने जानेवारी १९७९ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या सभागृहात झालेल्या युनिसेफच्या कार्यक्रमात मुलांसाठी देऊन टाकली होती. आग्र्याच्या समाधीवरून ब्राझीलमध्ये गाणं होतं आणि त्याची चाल लंडनच्या गायकाच्या डिस्कोत जाऊन बसते! चालींना पासपोर्ट लागत नाही, हेच खरं.

वाया घालवला का?

सुरुवातीला म्हटलेला वाद इथे येतो. अमेरिकन समीक्षक ग्रील मार्कस याने, इतकी पूर्ण प्रतिभा असलेल्या गायकाने तिच्याशी इतकी पूर्ण गद्दारी केल्याचं उदाहरण विरळाच, अशा अर्थाचं लिहिलं. पुढे ऐंशीच्या दशकात सिंथेसायझर, तंग विजारी आणि सोनेरी केसांच्या मैत्रिणी यांचीच चर्चा जास्त झाली, त्यामुळे मार्कसचं म्हणणं लोकांना पटत गेलं.

मला त्यातलं अर्धं पटतं. 'मॅगी मे' आणि 'जॉर्जी' लिहिणारा माणूस आणखी कितीतरी लिहू शकला असता. त्याने लिहिणं कमी कमी करत नेलं. १९९३ च्या 'अनप्लग्ड' कार्यक्रमात तो रॉनी वुडबरोबर खुर्चीवर बसून जुन्या लाकडी वाद्यांवर गायला, तेव्हा कितीतरी लोकांना आठवण झाली की अरे, हा तर असा गायचा! पुढच्या वर्षी ३१ डिसेंबरला रिओच्या कोपाकबाना किनाऱ्यावर त्याचा फुकट कार्यक्रम झाला. गिनीज बुकात त्याची गर्दी ३५ लाख अशी नोंदली आहे. अर्थात त्यातले बरेच नववर्षाची आतषबाजी बघायला आले होते. गर्दीचा आकडा एवढा मोठा झाला, पण नव्या गाण्यांची वही मिटलेलीच होती.

उरलेलं अर्धं मला पटत नाही. गाणं दुसऱ्याचं असलं तरी ते ओळखणं हेही कसब आहे. टिम हार्डिन, कॅट स्टीव्हन्स, टॉम वेट्स, व्हॅन मॉरिसन यांची गाणी त्याने निवडली आणि ज्यांनी मूळ गायकाचं नावही ऐकलं नव्हतं अशा घराघरांत पोचवली. डॅनी व्हिटन नावाचा अमेरिकन गिटारवादक १९७२ मध्ये वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी वारला. 'आय डोन्ट वॉन्ट टू टॉक अबाउट इट' हे त्याचं गाणं आज जग ओळखतं ते मुख्यतः रॉडच्या आवाजामुळे. आपल्याकडे कवीची कविता योग्य गळ्यात जाऊन पडली की पिढ्यान्‌पिढ्या टिकते आणि त्या गळ्याला आपण मान देतो. तोच न्याय इथेही लावायला हवा.

गळ्यावरची सुरी

मग आलं २००० साल. नेहमीच्या तपासणीत रॉडला थायरॉइडचा कर्करोग असल्याचं कळलं. तो पसरण्याआधी सापडला आणि शस्त्रक्रियेने निघाला. जीव वाचला. पण थायरॉइड ग्रंथी असते गळ्याच्या पुढच्या भागात, स्वरयंत्राच्या जरा खाली, आणि स्वरतंतू हलवणारी नस तिच्या पाठीमागून जाते. तिथपर्यंत पोचायला गळ्याच्या स्नायूंमधून वाट काढावी लागते. शस्त्रक्रियेनंतर रॉड गायला उभा राहिला, तर आवाजच नाही. घोगरा नाही आणि स्वच्छही नाही. पंचावन्न वर्षांच्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून गाणं शिकायची वेळ आली.

त्याला सुमारे नऊ महिने लागले. थोडं गायचं, गळा थकला की थांबायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. आवाज परत येईलच याची खात्री कुणी दिलेली नव्हती. ज्या आवाजाने पैसा, नाव, घरं, गाड्या सगळं दिलं, तो मुळात किती नाजूक गोष्टीवर उभा होता हे त्याला तेव्हा कळलं असणार. या आजारानंतर तो कर्करोग संशोधनासाठी पैसा उभा करण्याच्या कामातही उतरला. पुढे २०१६ मध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाचं निदान झालं. त्यातून बाहेर पडल्यावर २०१९ साली त्याने ते जाहीर सांगितलं आणि पुरुषांना वेळेवर तपासणी करून घ्यायची विनंती केली. आपल्या घरातल्या काका-मामांनीही ही विनंती मनावर घ्यायला हरकत नाही.

आवाज परत आला, पण आता त्याला मानवेल असं काय गायचं? रॉडने एकदम मागे उडी मारली. १९२० ते १९५० च्या काळातली अमेरिकन चित्रपट-नाटकांतली, जॅझमधली जुनी गाणी त्याने घेतली. २००२ मध्ये 'ग्रेट अमेरिकन साँगबुक' या मालिकेचा पहिला अल्बम आला, मग २००५ पर्यंत दरवर्षी एक, आणि पाचवा २०१० मध्ये. समीक्षकांनी नाकं मुरडली, म्हाताऱ्यांचं संगीत म्हणाले. पण विचार करा: या गाण्यांत किंचाळायचं नसतं. शब्द हळू, जवळ बसून सांगितल्यासारखा म्हणायचा असतो. मागे व्हायोलिनचा मऊ गालिचा, पुढे तो खरखरीत आवाज. १९७१ ची लाकडी वाद्यांची युक्तीच त्याने नव्या कापडावर वापरली होती. मालिकेतला तिसरा अल्बम 'स्टारडस्ट' २००४ मध्ये अमेरिकेत पहिला आला आणि त्याला २००५ साली ग्रॅमी मिळालं. एवढ्या कारकिर्दीतलं त्याचं हे पहिलं ग्रॅमी, तेही गळ्यावर सुरी फिरल्यानंतर!

आणि मिटलेली वहीसुद्धा उघडली. २०१२ मध्ये आत्मचरित्र लिहिताना जुने दिवस, वडील, तुटलेले संसार सगळं समोर आलं आणि त्यातून पुन्हा गाणी सुचायला लागली. २०१३ चा 'टाइम' हा अल्बम बहुतांशी त्याच्या स्वतःच्या लेखणीतला. त्यातलं एक गाणं वडिलांचे आभार मानणारं आहे. ब्रिटनमध्ये हा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. तिथे त्याच्या अल्बमला हे स्थान तीन दशकांहून जास्त काळानंतर मिळत होतं. 'सर' ही पदवी त्यानंतर, २०१६ मध्ये.

पोटमाळ्यावरचं शहर

आता ती रेल्वेची गोष्ट. नोव्हेंबर २०१९ मध्ये 'रेल्वे मॉडेलर' या ब्रिटिश मासिकात रॉडची मुलाखत आली, गाण्याबद्दल नव्हे. लॉस एंजेलिसच्या घराच्या वरच्या मजल्यावर त्याने वीसहून जास्त वर्षं खपून १९४० च्या दशकातलं एक अमेरिकन औद्योगिक शहर उभं केलं होतं. खेळण्यातल्या गाड्या, रूळ, गगनचुंबी इमारती, पूल, धुराने काळवंडलेल्या भिंती, फुटपाथवरची घाणसुद्धा. दौऱ्यावर असताना तो हॉटेलात सामानासाठी वेगळी खोली घ्यायचा आणि तिथे इमारतींचे भाग रंगवत बसायचा. रेडिओवर एका निवेदकाने हे सगळं त्याने स्वतः केलं नसेल अशी शंका काढली, तेव्हा रॉडने थेट कार्यक्रमात फोन करून ठणकावलं की, नव्वद टक्के काम माझं आहे. फक्त विजेची जोडणी मला जमत नाही, ती दुसऱ्याकडून करून घेतली!

या माणसाला उनाड समजणाऱ्यांना मी हे शहर दाखवेन. रात्री हजारो लोकांसमोर कमरेवर हात ठेवून नाचायचं आणि सकाळी हॉटेलच्या खोलीत बोटभर उंचीच्या खिडकीला गंज चढल्यासारखा रंग द्यायचा. बारीक कामाचा हा धीर ज्याच्यात आहे, तोच गेलेला गळा नऊ महिने रोज थोडा थोडा परत आणू शकतो. या छंदाने त्याला एक जोडीदारही दिला. पियानोवादक जूल्स हॉलंड हाही छोट्या रेल्वेचा वेडा. दोघांनी मिळून जुन्या स्विंग गाण्यांचा 'स्विंग फीव्हर' हा अल्बम २०२४ मध्ये काढला आणि तोही ब्रिटनमध्ये पहिला आला.

तर वादाचा माझा निकाल असा. गीतकार रॉड स्टुअर्टने स्वतःचं नुकसान केलं, मधली वीस-पंचवीस वर्षं त्याने सोपी वाट धरली. गायक रॉड स्टुअर्टने मात्र आवाज वाया घालवला नाही. आपल्या गळ्यात काय नाही हे त्याला तरुणपणीच कळलं होतं आणि आहे त्याला शोभेल असं गाणं तो शोधत राहिला. विशीत लोकगीतांची वाद्यं, साठीजवळ आजोबांच्या काळातली गाणी, सत्तरीजवळ पुन्हा स्वतःची वही. गळा तोच, कधी नुसता बसलेला, कधी फाटून शिवलेला.

ऐकायला कुठून सुरुवात करायची? आधी १९७१ चा 'एव्हरी पिक्चर टेल्स अ स्टोरी' पूर्ण ऐका, चाळीस मिनिटांचंच काम आहे. 'मॅगी मे' संपताना मँडोलिनकडे लक्ष द्या आणि मनातल्या मनात रे जॅक्सनचं नाव घ्या. मग 'द किलिंग ऑफ जॉर्जी', शब्द समोर ठेवून. त्यानंतर १९९३ चा 'अनप्लग्ड'. शेवटी 'स्टारडस्ट' मधली एक-दोन गाणी, रात्री, दिवे कमी करून. पहिला आणि शेवटचा अल्बम लागोपाठ ऐकलेत तर मधली शस्त्रक्रिया कानाला ऐकू येते का बघा आणि मंडळाच्या ग्रुपवर कळवा. मला स्वतःला ती ऐकू येते, शब्द आता जास्त जपून ठेवले जातात तिथे.

आणि हो, पुढच्या स्पर्धेत कुणी घोगऱ्या आवाजाचं पोर गायला उभं राहिलं, तर गुण कापण्याआधी एक कडवं जास्त ऐकून घेऊ या. ज्येष्ठमध नंतर देता येईल.

भेटू पुढच्या अंकात.